पाळण्यावरचा गोटा

साखरखेर्ड्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जी वस्ती आहे, तिथं घर पुरं झालं असं म्हणायची खूण एकच. टिनांवर गोटे चढले की घर झालं. रंग राहिला तरी चालतो, दाराची कडी मागून बसवता येते. पण वैशाखातलं वावधन, ते वादळी वारं, कुणाच्या कडीसाठी थांबत नाही. एकदा का ते सुटलं की घराची टिनं उडून पार दुसऱ्याच्या वावरात जाऊन पडतात. म्हणून नाल्यातले मोठाले गोटे आणायचे, शिडीने वर चढवायचे, टिनांच्या जोडावर ठेवायचे आणि मग निवांत आभाळाकडे बघायचं.

पंचफुलाबाईंच्या घरावरचे गोटे त्यांच्या नवऱ्याने चढवलेले होते. नवरा गेला, गोटे राहिले. "दोघायपैकी कामाचं तेच होतं," असं बाई म्हणायच्या, आणि म्हणून झालं की शिलाई मशीनचं चाक जरा वेळ तसंच धरून बसायच्या.

यंदा मात्र त्या गोट्यांची त्यांना भीती वाटू लागली. लेक, धम्मशीला, संग्रामपूरहून बाळंतपणाला आली होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, दवाखान्यांचे पुष्कळ उंबरे झिजवल्यावर मुलगी झाली होती. अजून नाव ठेवायचं होतं. समोरच्या खोलीत, हवा येते म्हणून दाराजवळ, लोखंडी पाळणा मांडला होता. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत वावधनाने टिन उचललं आणि त्यावरचा गोटा खाली निजलेल्या बाईच्या अंगावर आला. पंचफुलाबाई तिच्या मातीला जाऊन आल्या होत्या. आता पाळण्याला झोका देता देता त्या वर बघत, तेव्हा त्यांना टिन दिसत नसे, टिनाच्या पलीकडचा गोटाच दिसे.

त्यात जावयाचा, अश्वजितचा, रोज फोन. "आई, वावधनाचे दिवस हायेत. इकडे स्लॅब हाय. लेकराले लवकर पाठवून द्या."

"सव्वा महिना होऊ द्या, बापू. माहेर म्हणून कायी हाय का नाई?"

माहेर होतं, पण स्लॅब नव्हता. बाईंनी मग निवृत्ती मिस्त्रीला बोलावलं. लोखंडी हूक घालून टिनं खालच्या लाकडी बल्ल्यांना पक्की आवळायची आणि गोटे सगळे उतरवायचे, असं ठरलं. निवृत्तीने दिवसभर भोकं पाडली, हूक आवळले आणि उतरवलेल्या गोट्यांचा अंगणात लिंबाखाली ढीग घातला.

शेजारची झुंबरबाई भिंतीवरून बघत होती. "पंचफुले, डोक्यावरचं वझं उतरवलं व माय! आता घर उडून मेहकरले गेलं त येतानी एसटीचं तिकीट काढजो."

"तू संग ये. अर्धं तिकीट लागते तुले, बाईमानूस हायेस."

दोघी हसल्या. ती संध्याकाळ पंचफुलाबाईंना हलकी गेली. वर बघितलं की नुसतं टिनच दिसत होतं.

सकाळी अंगण झाडताना त्यांची नजर वर गेली. पुढच्या खोलीच्या टिनावर एक गोटा होता.

निवृत्ती एक विसरला असेल, असं आधी त्यांना वाटलं. मग त्या शिडी लावून चढल्या. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, पण बघितल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांचे सगळे गोटे नाल्यातले, तांबूस, ओबडधोबड. हा काळा होता, गुळगुळीत, भाकरीसारखा गोल आणि चपटा. हात लावला तर सकाळच्या मानाने गार. टिनावर कुठं ओरखडा नव्हता. आणि तो बरोब्बर पाळण्याच्या वर होता.

त्या टिनावर चिमणी उतरली तरी खाली कळायचं. मांजर चाललं तर बाळ दचकायचं. रात्री मात्र कुणी दचकलं नव्हतं.

निवृत्ती आला, वर बघून म्हणाला, "मी नाई ठेवला, बाई. असा गोटाच मी नाई पाह्यला." त्याने तो एकट्याने उतरवायला घेतला आणि मध्येच शिडीवर थांबला. खाली येईस्तोवर त्याचा सदरा भिजला होता. "दिसते तसा नाई हा. लय भारी हाय."

गोटा लिंबाखालच्या ढिगावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर होता. त्याच जागी.

लोणार तिथून काही फार लांब नाही. आभाळातून काही खाली आलं तर त्या मुलखाला त्याचं नवल नाही. पण पडणाऱ्या वस्तूचा आवाज होतो, एवढं तर लोणारलाही लागू असेल, असं बाईंच्या मनात आलं. अंगारे-धुपारे त्या घरात कधी शिरले नव्हते आणि आता शिरणार नव्हते. बाईंना भीतीपेक्षा जास्त कुतूहल वाटत होतं, आणि याचीच त्यांना थोडी लाज वाटत होती.

त्यांनी पाळणा सरकवला. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत नेला, दोन भिंतींच्या कोपऱ्यात. दुपारी बाहेर येऊन बघितलं, तर गोटाही मधल्या खोलीवर, त्याच कोपऱ्यात.

मग पाळण्यात उशी निजवली, वरून दुपटं पांघरलं आणि बाळाला स्वयंपाकघरात धम्मशीलाच्या मांडीवर दिलं. गोटा उशीला फसला नाही. तो स्वयंपाकघरावर गेला.

एक दुपारभर तर त्या मशीन अंगणात घेऊन बसल्या. सावलीत ब्लाऊज शिवायचा आणि डोळा टिनावर ठेवायचा. आत असलेल्या धम्मशीलाला सांगितलं, बाळाला उचल आणि पुढच्या खोलीत ने. गोटा जागचा हलला नाही. बाई बघत राहिल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तेवढ्यात दोरा तुटला. त्यांनी सुईत ओवला, तेवढा एकच क्षण मान खाली. वर बघितलं, तर गोटा पुढच्या खोलीवर. जणू कालपासून तिथंच होता.

"लाजते का काय हा," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

धम्मशीला मात्र हसण्याच्या पलीकडे गेली होती. तिचं दूध आटल्यासारखं झालं होतं. "आई, मले नाई राहायचं आता इथं. थे काय पाहून राह्यलं तिच्याकडे? आपल्या कोनाकडेच नाई, तिच्याकडेच काऊन?"

"पाहून राह्यलं का राखून राह्यलं, थेच त समजत नाई."

"अन् पडलं मंग? समजून काय करशीन?"

 बाईंनी तेच निवृत्तीला विचारलं. त्याने बिडी विझवली. "टिनावरच्या गोट्याचं काई सांगता येत नाई, बाई. धरून असते तवरक धरून असते. सुटला का मंग खाली कोन हाय, थे नाई पाहत."

बाईंनी अश्वजितला फोन लावला. सव्वा महिन्याला थोडे दिवस राहिले होते. वस्तीला बोलायचं ते बोलू दे. "उद्या गाडी घेऊन या, बापू. लेकीले अन् नातीले घेऊन जा." फोन ठेवून त्यांनी बाळाची दुपटी घडी घालायला घेतली. नातीला आपल्या टिनाखाली सांभाळता आलं नाही, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशी पश्चिमेकडे आभाळ मातीच्या रंगाचं झालं. अश्वजितची गाडी अजून वाटेत होती. लिंबाचा पाला आधी अगदी गप्प झाला. मग कुत्री घरात शिरू लागली. भिंतीपलीकडून झुंबरबाई ओरडली, "आलं व पंचफुले, आलं! लेकरू घे!"

वावधन आलं ते रस्त्यावरचा फुफाटा अंगावर घेऊनच. दार आपोआप आपटलं. टिनं कुरकुरली. नव्या हुकांचा आवाज नवा होता, दात आवळल्यासारखा. धम्मशीलाने पाळण्यातून बाळाला उचललं आणि वर बघितलं. हवेसाठी पाळणा परत पुढच्या खोलीत आणला होता, त्या तिथंच होत्या.

"आई, याच्या खालून निंगू आपन!"

बाईंनी बाळ आपल्या हातात घेतलं. दोघी मधल्या खोलीकडे धावल्या.

आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांना तो ऐकू आला.

वर, टिनावरून, काहीतरी जड घासत येत होतं. वाऱ्याच्या आवाजातूनही वेगळं कळत होतं. घर्रर्र. टिनाच्या एकेका नळीच्या उंचवट्यावरून धक्का खात. त्यांच्या पावलांबरोबर.

बाई थांबल्या. वरचा आवाज थांबला.

एक पाऊल पुढं टाकलं. वर एक नळी ओलांडली गेली.

"माय," धम्मशीला म्हणाली, अगदी लहानपणीच्या आवाजात.

बाईंनी स्वयंपाकघराकडे दोन पावलं टाकून बघितली. आवाज आला. मागं फिरल्या. आवाज फिरला. पळून कुठंच जाता येणार नव्हतं. घराबाहेर हवेत टिनं तरंगत होती, एक झुंबरबाईच्या ओट्यावर येऊन आदळलंही. बाळ मात्र रडत नव्हतं. ते आजीच्या हनुवटीच्या पलीकडे, वर, बघत होतं. नुकतं आईकडे टक लावून बघायला लागलं होतं ना, तसं.

बाईंनी त्या नजरेकडे बघितलं आणि ठरवलं. बरोबर की चूक, हे त्यांना पुढं कधी सांगता आलं नाही.

त्या मधल्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या. बाळ मांडीत. लेकीला ओढून कुशीत घेतलं.

वरचा आवाज डोक्यावर आला. थांबला. टिन किंचित खाली दबलं.

मग घर उचललं गेलं.

पुढच्या खोलीचं छप्पर एकदम गेलं. हूक, बल्ल्या, सगळ्यासकट. अंधाऱ्या घरात मळका उजेड ओतला गेला. मग स्वयंपाकघराचं. मग मधल्या खोलीची टिनं, शेजारची, त्याच्या शेजारची. लिंबाची फांदी मोडली आणि पाळण्यावर आली. लोखंड वाकल्याचा आवाज आला.

त्यांच्या डोक्यावरचं तेवढं एक टिन हललं नाही.

गारांसारखा पाऊस आला. त्या तिघी एका टिनाखाली कोरड्या बसून राहिल्या.

वावधन जसं आलं तसं गेलं. थोड्या वेळाने ऊन पडलं, स्वच्छ, धुतलेलं. वस्ती घराबाहेर आली. कुणाचं काय गेलं ते एकमेकांना ओरडून सांगू लागली. झुंबरबाई पंचफुलाबाईंच्या दारातून आत आली, वर मोकळं आभाळ बघितलं, कोपऱ्यातल्या तिघींना बघितलं आणि या वेळी तिला काही थट्टा सुचली नाही. ती नुसती खाली बसली आणि बाळाच्या पायाला हात लावला.

निवृत्ती शिडी घेऊन आला. त्याचा चेहरा पडला होता. "माह्या ध्यानातच नाई आलं, बाई. हुकानं टिनं बल्ल्यायले बांधली म्या. पण बल्ल्या भिताडाले कोठी बांधल्या होत्या? त्यायले बी गोट्यायनंच दाबून ठेवलं होतं." तो उरलेल्या टिनापर्यंत चढला.

"हाय का वर?" बाईंनी आतून विचारलं.

"कोन?"

"गोटा."

"नाई. काईच नाई." त्याने वाकून टिनाखाली बघितलं. "याच्या खाली बल्ली बी नाई राह्यली, बाई. हूक नाई. नुसतं दोन भिताडायवर ठेवल्यासारखं हाय. हे राह्यलंच कसं?"

त्याने टिनाची कड धरली आणि उचलायला गेला. टिन हललं नाही. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. खालून एक जण चढला, दोघांनी मिळून लावला. शिडी कुरकुरली, टिन हललं नाही.

"तुम्ही बाहेर व्हा पहिले," निवृत्ती म्हणाला. "सुटलं त लेकराच्या अंगावर यायचं."

पंचफुलाबाई बाळाला घेऊन उठल्या. चिखलातून पाय उचलत अंगणात आल्या. त्यांच्या मागं काहीतरी खणखणलं. निवृत्तीच्या हातात टिन आलं होतं, एका हातात, सुपासारखं हलकं. तो त्याच्याकडे बघत शिडीवर तसाच उभा होता.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. अश्वजित धावत येत होता. धम्मशीला त्याच्याकडे गेली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला फुटलं.

बाई अंगणाच्या मधोमध उभ्या होत्या. लिंब अर्धा गेला होता. वर फांदी नव्हती, छप्पर नव्हतं, ढगाचा तुकडाही नव्हता. पावसानंतरचं ऊन सगळ्यांच्या तोंडावर येत होतं. झुंबरबाई कपाळावर हात धरून बघत होती. अश्वजित डोळे बारीक करून हसत होता.

बाळाचे डोळे मात्र टक्क उघडे होते.

बाईंनी खाली बघितलं. बाळाच्या तोंडावर ऊन नव्हतं. तिथं सावली होती, गोल, भाकरीएवढी.

त्यांनी तिच्यात आपला हात घातला. हात गार पडला. मग कुणाला कळणार नाही अशा बेताने त्या एक पाऊल बाजूला सरकल्या, आणि थांबल्या, आणि सावली परत बाळाच्या तोंडावर येईपर्यंत वाट बघितली.