‘होणार नाही’चा रकाना

पाऊस बाहेर नव्हताच, तो बाथरूममध्ये साचला होता. घोटाभर साबणाच्या पाण्यात कपड्यांचं मशीन रुसलेल्या म्हशीसारखं बसलं होतं, आणि दारात मेकॅनिक उभा होता — पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात.

“चपला कशाला काढल्या? सगळं पाणीच आहे.”

“पाणी झालं म्हणून घराचं काय स्टेशन झालं का, मॅडम?”

तिला हसू आलं नाही. तीन महिने आलं नव्हतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची. दिवसभर लोकांसाठी हसू तयार करायचं आणि घरी येऊन लोकांकडून ऐकायचं — हसत राहा. तीन महिन्यांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. रोज चार चादरी निघत. भेटायला येणाऱ्यांना त्या चादरी कधी दिसल्या नाहीत. “खंबीर राहा,” असं म्हणून ते चहा घेत. “तू किती स्ट्रॉंग आहेस गं!” याचा अर्थ, आम्ही निघालो. मावशी तर पलंगाशी उभी राहून “सकारात्मक विचार करायचा!” असं ओरडे, जणू आईचे कानही गेले होते. आपल्या टेबलावरची एखादी कवळी मावशीवर सोडून द्यावी, असं तिला फार मनापासून वाटे.

मेकॅनिकनं मशीनची पाठ उघडली. ड्रम हातानं फिरवला, कान लावून ऐकला. मग खिशातून कार्ड काढलं. त्यावर दोन रकाने होते — ‘होईल’ आणि ‘होणार नाही’.

“गळती थांबेल. मोटर चालेल. आवाज मात्र जाणार नाही. बेअरिंग संपलंय, आणि या मॉडेलचं आता मिळत नाही.”

“म्हणजे… पूर्वीसारखं नाही होणार?”

“नाही.”

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. कानाखाली ग्रीसचा डाग, डोळे शांत. तीन महिन्यांत तिला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा हा पहिला माणूस. इतकं हायसं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

“सही करा. ‘होणार नाही’च्या खाली. आमच्याकडे ती लागतेच.”

त्यानंतर तो दर मंगळवारी येऊ लागला.

“मशीननं बोलावलं वाटतं?”

“नाही हो. आवाज कसा आहे, विचारपूस करायला आलो…”

मग आईजवळ स्टूल ओढून तो कुणाच्या मशीनमध्ये काय सापडलं ते सांगे — एकदा सासूबाईंचं कानाचं यंत्र, तेही सुनेच्या खिशात. आईच्या ओठांचा डावा कोपरा वर जाई. ते बघताना दोघांची नजरानजर व्हायची, आणि तिला अचानक टॉवेलांच्या घड्या घालायचं आठवायचं.

मग एका मंगळवारी वाचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं — आई बोलणार नाही. घरी आली तर मावशी बसलेली, मेकॅनिक पाईप जोडत असलेला. “आई बोलणार नाही म्हणाल्या,” बाथरूमच्या दारात ती पुटपुटली. त्यानं तिचा चेहरा पाहिला, हातातला पाना खाली ठेवला…

“अहो… होईल सगळं ठीक.”

“काय म्हणालास?” ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “परत म्हण! मशीनला नाही सांगत असलं काही. मशीन उघडून बघतोस, आणि माझ्यापाशी आलं की झाकण लावतोस? निघ इथून!”

“अगं, तो धीरच देतोय बिचारा,” मावशी म्हणाली.

“मावशी, तूही चपला घाल.”

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. तिनं आदळआपट करत चादरी धुतल्या. मशीन खडखडलं की त्याच्यावर खेकसली. तो यायला हवा होता, याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता.

त्याच्या पुढच्या मंगळवारी बेल वाजली.

“मशीन नीट आहे,” ती दारातच म्हणाली.

“माहितीये. बिघाड माझ्यात आहे.” त्यानं कार्ड पुढे केलं. “तुमचा चेहरा मला बघवेना, म्हणून बोललो. तो धीर मी मलाच देत होतो… आता नीट लिहून आणलंय. वाचू?”

आणि परवानगीची वाट न बघता त्यानं वाचलं, “होणार नाही. आई बोलणार नाहीत. यांचा राग लवकर जाणार नाही—”

“हळू! आई ऐकतेय!”

“त्यांना सांगितलं नाहीत?”

पंधरा दिवस ती रोज आईच्या केसांतून फणी फिरवत म्हणत होती — बोलशील हं, होईल हळूहळू. अगदी मावशीच्या सुरात. रागवायला आता घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ती पलंगाशी जाऊन गुडघ्यावर बसली. “आई… खरंय ते. मी खोटं बोलले गं.”

आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण तेवढ्यात डावा हात पुढे झाला — मागोमाग आत आलेल्या मेकॅनिकच्या खिशातल्या पेनाकडे. त्यानं कार्ड धरलं. ‘होणार नाही’च्या खाली आईनं सही केली, दोन वळणं आणि एक लांब ओरखडा. मग एवढा मोठा श्वास सोडला की चादर हलली.

“‘होईल’मध्ये काय आहे?” तिनं नाक पुसत विचारलं.

“मंगळवार-शुक्रवार चादरी मी धुईन. आईंना खुर्चीतून गच्चीवर नेईन. आणि तुम्ही… म्हणजे तुमची हरकत नसेल तर… मी कायमचाच येत जाईन.”

“मी सारखी चिडलेली असते.”

“चिडलात की मला ‘अरे-तुरे’ करता. चिडत जा.”

“आण इकडे ते पेन!” ती ओरडली, आणि सही अशी दाबून केली की कार्ड फाटलं.

आत मशीन खडखडत होतं. तो आवाज जाणार नव्हताच, तसं त्यानं पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं.