पाच नंबरची खुर्ची

ही गोष्ट खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती लिओना ड्रायलिंग अठरा वर्षं माझी शेजारीण होती आणि तिला थापा मारायची सवय नव्हती.

आयुष्यात एकच थाप मारली तिने. त्या थापेचीच ही गोष्ट.

कॅन्ससमधलं आमचंच गाव. एप्रिल १९६२, गुरुवारची संध्याकाळ.

तेव्हा उपग्रह नवे होते. कुठला कधी, कुठून जातो हे टिपायला गावोगावी हौशी लोकांची पथकं होती. आमचं पथक शाळेच्या गच्चीवर बसायचं. नऊ खुर्च्या, नऊ छोट्या दुर्बिणी, प्रत्येकाला आभाळाचा एकेक तुकडा नेमून दिलेला. दिवेलागणीला तो ठिपका आपल्या तुकड्यातून सरकला की फक्त खुर्चीचा नंबर ओरडायचा.

वेळ लिहायची लिओनाने. शेजारी रेडिओवर सेकंदाची टिकटिक चालायची आणि प्रत्येक मिनिट संपताना एक टिक गाळलेली असायची. त्यावरून मिनिटं मोजायची. सगळे आवाज टिपायला टेपही चालू असायची.

गच्चीवर ती एकटीच बाई होती. त्या मानावर तिचा भारी जीव.

पाच नंबरला तिचा धाकटा भाऊ ॲल्विन बसायचा. आदल्या ऑगस्टमध्ये तो एकदा "पाच" म्हणून ओरडला. बाकी कोणालाच काही दिसलं नव्हतं. लिओना तेव्हा कॉफी ओतता ओतता कोणाशी तरी हसत होती. तिने घाईघाईत मिनिट बेचाळीस लिहून टाकलं.

सगळ्या पथकांच्या नोंदी तपासणाऱ्या केंद्राकडून पत्र आलं. त्या वेळी तिथे कुठलाच उपग्रह नव्हता.

पथकाचे प्रमुख हॅस्कॅम्प सर सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे, नाव छापून यावं म्हणून काजवे बघायला लागलास होय?"

"मी पाहिला, सर."

"पाहिलास ना? मग आता घरी बसून बघ."

त्या रात्री लिओनाने टेप ऐकली. मिनिट एकेचाळीस होतं.

चूक तिची होती. सांगितलं असतं तर गच्ची सुटली असती.

तिने टेप पुसली.

गावाने ॲल्विनचं नाव 'काजवा' ठेवलं. न्हाव्याकडे काजवा, चर्चच्या पायरीवर काजवा. त्याने बहिणीला एकदाच विचारलं, "लिओ, तू तरी टेप ऐकलीस का गं?"

"ऐकली. काही कळत नाही त्यात."

जानेवारीत बर्फावर त्याचा ट्रक उलटला. गेला तो काजवा म्हणूनच गेला.

आणि मग तो गुरुवार.

पाच नंबरला नवा माणूस मिळाला नव्हता. खुर्ची रिकामी होती. अंधार पडत होता, वारा नव्हता, सगळे दुर्बिणीला डोळा लावून बसले होते.

आठ वाजून सात मिनिटं. गाळलेली टिक आली...

आणि पुढची टिक आलीच नाही.

रेडिओचा दिवा चालू होता. आवाज नव्हता. कुठूनच नव्हता, खालच्या रस्त्यावरूनसुद्धा.

मग हळूच...

"पाच."

लिओनाचा हात सवयीने कागदावर गेला.

"एकेचाळीस."

टिकटिक पुन्हा सुरू झाली.

चार नंबरचे म्हातारे फॅननस्टील ताडकन उठले. "माझ्या बाजूला कोण बसलंय?"

खुर्चीचं कापड खाली दबलेलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते सावकाश वर आलं.

"कोणाला थट्टा सुचतेय?" सर ओरडले. 'पाच' सगळ्यांनी ऐकलं होतं. 'एकेचाळीस' फक्त लिओनाने.

टेपवर मात्र टिकटिकच निघाली. एकही टिक कमी नव्हती.

त्यानंतर चार बैठका झाल्या. चारही वेळा तेच दोन शब्द. सर सोडून कोणी पाच नंबरकडे बघेना.

शेवटी लिओनाने केंद्राला सगळं खरं लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दुरुस्त केलेली वेळ जुळत होती. पाच नंबरच्या निरीक्षकाचं अभिनंदन केलं होतं.

तिने ते सरांपुढे धरलं. त्यांनी वाचून घडी घातली. "आता याचा काय उपयोग, लिओना? मेलेल्या माणसासाठी पथकाची शोभा करून घ्यायची का?"

गावाला कोणी काही सांगितलं नाही. काजवा तो काजवाच राहिला.

त्या संध्याकाळी सगळे उतरून गेल्यावर तिने पाच नंबरच्या खुर्चीसमोर उभं राहून पत्र मोठ्याने वाचलं. अक्षर न् अक्षर. मग थांबली.

टिकटिक चालू होती.

काहीच आलं नाही... पुन्हा कधीच आलं नाही.

हे तिने मला म्हातारपणी, माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. तेव्हापासून दिवेलागणीला मी तिथे एकटी बसत नाही. धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "झालं तर मग. शांत झाला बिचारा."

तिने नकारार्थी मान हलवली.

"शांत कसला होतोय," ती म्हणाली. "लहानपणापासून माझ्यावर रागावला की तो असाच अबोला धरायचा."

मग स्वतःशीच म्हणावं तसं हळू म्हणाली,

"साठ वर्षं झाली गं. अजून सोडत नाही."