मंगळावरचा चीक

काचकुशीत डुकराची शेवटची सहा पिल्लं मजेत लोळत होती आणि बाहेर खुर्चीत डॉ. अनघा फडतरे आपलं नऊ महिन्यांचं पोट सांभाळत बसली होती. काचकूस म्हणजे कृत्रिम गर्भाशय. जिवंत डुकरं मंगळापर्यंत आणणं अरुणवस्तीला परवडणारं नव्हतं, म्हणून पृथ्वीवरून त्यांचे गोठवलेले गर्भ आणले होते. आधीची दोन वेतं काचेतून धडधाकट बाहेर आली आणि आठवड्याच्या आत हगवणीने संपली. ही सहा गेली, की गर्भ संपले आणि वस्तीच्या ताटातलं मांसही कायमचं संपलं.

"मी म्हणतो, सरळ औषध द्या ना," वस्तीप्रमुख विश्राम कोरगावकर पुन्हा म्हणाले.

"देते. पण पिल्लू ते मुतल्यावर औषध कुठे जाईल?"

कोरगावकरांनी हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं आणि तो खाली ठेवला. वस्तीत थेंबही वाया जात नसे. सगळं सांडपाणी जिवाणूंच्या टाक्यांतून शुद्ध होऊन परत नळाला येई. गोठाभर डुकरांना औषध पाजलं असतं, तर आधी टाक्यांतले उपयोगी जिवाणू मेले असते आणि मागोमाग तहानेने माणसं.

"माणसाचं बाळ आईची प्रतिकारशक्ती नाळेतूनच घेऊन येतं," अनघा म्हणाली. "डुकराचं पिल्लू येतं कोरं. त्याला जे काही मिळायचं ते पहिल्या दिवशीच्या चिकातून."

"चीक दिला की आपण! पावडर आणली होती चांगली."

"तिथेच तर मी चुकले. चीक म्हणजे आईची आठवण. ती जिथे राहिली, तिथले जंतू तिच्या ओळखीचे. त्या पावडरीत पृथ्वीवरच्या गोठ्यांतल्या जंतूंची इत्थंभूत माहिती आहे. इथले जंतू इतक्या वर्षांत बदलून गेलेत. त्यांची ओळख फक्त इथे राहिलेल्या आईला."

"म्हणजे डुकरीणच नाही आपल्याकडे, तर..."

"डुकरीणच पाहिजे असं नाही. पहिल्या दिवशी पिल्लाचं आतडं आवडनिवड करत नाही, येईल ते प्रथिन रक्तात घेतं." ती जरा थांबली. "शेळीसुद्धा चालली असती."

दारात चहा घेऊन आलेला बावतीस तुस्कानो जागच्या जागी थिजला. बावतीस वस्तीचा आचारी, मूळचा वसईचा. मागच्याच आठवड्यात वस्तीत दुधापुरत्या पाळलेल्या मोजक्या शेळ्यांतली एकुलती एक गाभण शेळी व्यायली होती. बावतीसने जपून ठेवलेला गूळ काढून त्या चिकाचा खरवस केला आणि गावाकडच्या रिवाजाप्रमाणे दारोदार वाटला होता. अनघाने तर गर्भारपणाची सबब सांगून दोनदा मागून घेतला होता. खरवस झालाही होता फक्कड.

"मला काय ठावं, डॉक्टरबाय?" तो रडवेला झाला. "चीक आला की खरवस करायचा, येवढंच आमाला माहीत."

"तू कशाला रडतोस? मला तरी वाटीत चमचा घालताना कुठे सुचलं?"

तिघांचीही नजर एकदमच तिच्या पोटाकडे गेली.

"तीन वर्षं झाली मला इथे," अनघा सावकाश म्हणाली. "आणि इथली हगवण मला दोनदा होऊन गेलीय."

"अहो, काहीतरीच काय! बाळाचं काय?"

"बाळाला नाळेतून मिळालंय. वर चीकही मिळेल. एका पिल्लापुरता मी उरवीन. मादी निवडायची. ती जगली, की पुढच्यांना तीच पाजेल."

बोलली ती प्रयोगशाळेतल्या आवाजात. पण लेकराच्या तोंडचं काढून डुकराला द्यायचं या विचाराने तिला आतून भडभडून आलं होतं.

काचकुशीतला जन्म दोन-चार दिवस लांबवता येई, तो अनघा बाळंत होईपर्यंत लांबवला. तिला मुलगी झाली, ईरा. बावतीसने अनघाने काढून दिलेला वाटीतला चीक थेंबाथेंबाने एका पिल्लाला पाजला. बाकीची पाच गेली. ती जाणार हे ठाऊक असूनही अनघा त्यांच्यासाठी रडली. उरलेलीचं नाव बावतीसने धाकटी ठेवलं, कारण थोरली ईरा.

दोन वर्षांनी धाकटी पहिल्यांदा व्यायली, तिच्यासाठी गोठवलेलं वीर्य होतंच. औषधाचा थेंब न लागता पिल्लं अंग धरू लागली. बावतीस नाताळच्या इंद्यालची, म्हणजे डुकराच्या झणझणीत कालवणाची, स्वप्नं बघू लागला. या खेपेला मात्र त्याने गुळाच्या डब्याला हात लावला नव्हता. धाकटीचा वाटीभर चीक काढून त्याने मुकाट्याने गोठवून ठेवला होता.

त्याच सुमारास नवं यान उतरलं. त्यातून आलेल्या सायली मोनेला प्रवासातच दिवस गेले होते. उतरल्यावर थोड्याच दिवसांत ती बाळंत झाली आणि आठवड्याभरात बाळाला हगवण लागली. बाळापुरतं औषध देऊन पाहिलं, जंतूने दाद दिली नाही. सायलीच्या नाळेत आणि दुधात होती ती पृथ्वीची आठवण. माणसाचं पोर असून ते काचकुशीतल्या पिल्लांइतकंच कोरं आलं होतं. ईराचं अंगावरचं पिणं सुटून अनघाचं दूध केव्हाच आटलं होतं आणि शेळ्या यंदा गाभण नव्हत्या.

अनघा वाटी घेऊन सायलीच्या खाटेपाशी आली. "याच्या रक्तात नाही शिरणार हे, पण आतड्यात जंतूला अडवेल. चीक आहे."

"कशाचा?"

"डुकरिणीचा."

सायलीचा चेहरा कसनुसा झाला. "अहो, मी अंडंसुद्धा खात नाही."

"तुम्हाला कुठे देतेय?"

सायलीने बाळाच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि चमच्यासाठी हात पुढे केला. पहिला घोट बाळाच्या पोटात गेल्यावर तिने हळूच विचारलं, "डुकरिणीला हे कुठून मिळालं?"

शास्त्राप्रमाणे उत्तर सोपं होतं. उसनी प्रतिकारशक्ती काही आठवड्यांत विरते, पुढचं सगळं धाकटीने इथे जगून स्वतःच कमावलं होतं.

"माझ्याकडून," अनघा म्हणाली, आणि तिने चमचा पुन्हा भरून दिला.