ओट्याचा दगड ठरेना

एकोणीसशे एकोणनव्वद साल. भिवंडीच्या निजामपुऱ्यात पॉवरलूमवाल्या मजीदशेठच्या घरी गॅस आला आणि जन्मभर जमिनीवर बसून रांधणाऱ्या त्या घरातल्या बायका उभ्या राहिल्या. उभं राहायचं तर ओटा हवा. जवळच्या पूर्णा गावाहून राघो गवंडी आला. त्याने जुनी चूल फोडली, ओट्याच्या भिंती उचलल्या आणि स्वयंपाकघर धुळीने भरून टाकलं.

शेठची मुलगी तय्यबा तेव्हा बावीस वर्षांची. उंच, बी.ए. झालेली, आणि हुकूम सोडण्यात वडिलांच्या वरताण. त्या सकाळी दारात एक तरुण उभा होता. शर्टावर धूळ, खांद्यावर गोणपाट. तिला वाटलं, राघोचा माणूस.

"इतका उशीर? ती घमेली आधी बाहेर काढा. चपला तिथेच ठेवा."

त्याने चपला काढल्या. एक घमेलं अंगणात रिकामं केलं, मग दुसरं. तिसरं उचलताना राघो आला आणि हसत सुटला.

"आवो बाय, ह्ये दगडवाले मुनीरशेठ हायेत. कल्याण नाक्यावर दुकान हाय त्यांचा."

तय्यबाचे कान तापले. "मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही बोलायला वाव दिला नाहीत," तो म्हणाला. "आणि खरं सांगू... ऐकत राहावंसं वाटलं."

गोणपाटातून त्याने तीन तुकडे काढले. पांढराशुभ्र मार्बल, काळा कडप्पा आणि तेव्हा नवलाईचा असलेला लालसर, ठिपक्यांचा ग्रॅनाइट. मजीदशेठनी बोट थेट मार्बलवर ठेवलं. कुवेतला नोकरी करणाऱ्या एका मुलाचं स्थळ तय्यबाला सांगून आलं होतं. ओटा झाला की त्याच्या घरच्यांना जेवायला बोलवायचं, असा शेठचा बेत होता. पांढरा ओटा बघून पाहुण्यांचे डोळे दिपले पाहिजेत.

"स्वयंपाकघरात मी मार्बल बसवत नाही, चाचा," मुनीर म्हणाला. "दिवाणखान्यात सांगा, जिन्याला सांगा, उद्या बसवतो. ओट्यावर लिंबू पिळाल, कोकमं भिजवाल, हळद सांडेल. सहा महिन्यांत डागांचा नकाशा होईल आणि शिव्या मला."

"दुकान चालवायचंय की बंद करायचंय?"

"चालवायचंय. आणि या गल्लीतून मान वर करून जायचंय."

शेठ तणतणत आत गेले. तय्यबाला मात्र गंमत वाटली. अब्बांना इतक्या शांतपणे नाही म्हणणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

"तुकडे राहू देत," ती म्हणाली. "मी वापरून बघते."

आणि तिने खरंच वापरले. लिंबाची फोड पालथी ठेवली, कोकमाचं आगळ ओतलं, तेलात कालवलेली हळद फासली, तापला तवा टेकवला. सकाळी मार्बलवर लिंबाच्या जागी चमक मेलेली आणि आगळाचा गुलाबी डाग काही केल्या जाईना. ग्रॅनाइटला काही झालं नव्हतं, पण तिची अम्मी साजिदा नाक मुरडून म्हणाली, "हा तर खिमा सांडल्यासारखा दिसतो. उद्या खरंच काही सांडलं तर मला दिसणार कसं?" राहिला कडप्पा. हळद पुसली गेली होती. लिंबाची पुसट खूण उठली होती, एवढंच.

म्हणजे दगड त्याच दिवशी ठरला होता. पण ठरला म्हणून सांगितलं असतं, तर दोन दिवसांत बसला असता आणि मुनीरचं येणं संपलं असतं.

तो आला तेव्हा तय्यबाने कडप्प्यावर बोट ठेवलं. "यात पांढरी रेघ आहे."

त्याने दुसरा आणला. "हा फिकट आहे." त्याने तिसरा आणला. "याची कड बोचते."

राघोने कपाळाला हात लावला. "बाय, भिती बांधून बसलोय मी. त्यावर आता काय आभाल ठेवू?"

मुनीरने कडेवरून अंगठा फिरवला. "कड घासून गोल करून देईन. जड पातेलं मात्र आपटायचं नाही, टवका उडतो. लिंबू सांडलं की लगेच पुसायचं. अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, काळा कुळकुळीत राहतो. अ‍ॅसिड कधीच नाही."

"एवढे लाड?"

"लाड केलेत तर नातवंडांपर्यंत टिकेल."

"नातवंडं कुवेतला असतील," ती म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

त्याचा अंगठा थांबला. बाहेर गल्लीत लूमची खटखट चालू होती. त्या आवाजाआड, राघोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्याने विचारलं,

"ठरलं का?"

"अब्बांचं ठरलंय."

"आणि तुमचं?"

"माझं अजून... दगडावरच अडलंय."

तो हसला, पण पुरतं नाही. "चौथा तुकडा आणू?"

"दुकानात आहे?"

"नाही. पण आणेन."

चौथा तुकडा येण्याआधीच शेठ एका दुपारी जेवताना म्हणाले, "रविवारी कुवेतवाले येताहेत. ओटा झालाच पाहिजे. तो मुनीर नाही म्हणाला तर ठाण्याहून मार्बल मागवतो."

तय्यबाने डागाळलेला तुकडा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. शेठनी नखाने खरवडून पाहिलं, ओल्या बोटाने घासून पाहिलं.

"बरं. कडप्पा घाल. खूश?"

"नाही."

अम्मीच्या हातातली पळी थांबली.

"दगडासाठी तुम्ही मला महिना दिलात, अब्बा. लिंबू पिळू दिलंत, तवा ठेवू दिलात. आणि ज्याच्या घरी जन्म काढायचा त्याचा नुसता फोटो दाखवलात. तोही गॉगल घातलेला."

"मग? त्याच्यावरही लिंबू पिळणार आहेस?"

"त्याच्यावर नको. ज्याला पारखायचं होतं त्याला पारखून झालंय."

शेठना समजायला वेळ लागला नाही. "दगडवाला? तो मला तोंडावर नाही म्हणाला."

"बाकीचे तोंडावर हो म्हणतात आणि मागे हसतात. तुम्हीच सांगता."

शेठ अर्ध्या जेवणावरून उठले, चपला अडकवल्या आणि कल्याण नाक्याच्या दिशेने निघून गेले. तय्यबाने भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. तिला स्वतःची खात्री होती. मुनीरची... त्याने तर सरळ असा एक शब्दही कधी दिला नव्हता.

उन्हं उतरताना शेठ परतले. पाणी मागितलं. अम्मी समोर बसली, तय्यबा दाराआड उभी राहिली.

"विचारलं त्याला," शेठ म्हणाले. "म्हटलं, माझ्या मुलीने हट्ट धरला की ओटा मार्बलचाच हवा, तर काय करशील?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, समजावेन. म्हटलं, ती ऐकणारी नाही. तर किती वेळ दगडांकडे बघत बसला. मग म्हणतो, बसवेन, चाचा. आणि रोज मीच पुसेन."

पेला खाली ठेवून शेठनी मिशीवरचं पाणी पुसलं. "धंद्याला नालायक आहे. कुवेतवाल्यांना निरोप पाठवतो."

दाराआड तय्यबाने ओढणी तोंडात धरली, तरी हसू फुटलंच.

शनिवारी कडप्पा बसला. लेव्हल बघायच्या निमित्ताने मुनीर वाकला, ती शेजारी उभी.

"खरंच पुसाल?"

"मार्बल घेतलंत तर."

"विचार करते," ती म्हणाली आणि त्याच्या हातात फडका दिला.

थंडीत निकाह झाला. कुवेतचा मुलगा नव्वदच्या आखाती लढाईत परत आला. त्याने महाडची मुलगी केली, भिवंडीतच औषधांचं दुकान काढलं आणि सुखात राहिला. गॉगल मात्र सुटला नाही. राघोची गावाकडची शेती गोदामांसाठी गेली, मग तो त्याच गोदामांच्या फरश्या घालणारा कंत्राटदार झाला. साजिदाने त्या ओट्यावर शेवटपर्यंत रांधलं. मजीदशेठनी लूम विकले आणि जावयाच्या दुकानात खुर्ची टाकून बसले. येणाऱ्याला आधी मुलीची चौकशी करत, मग दगडाची.

तय्यबा लग्नानंतर वर्षभरात गल्ल्यावर बसू लागली. बायका तिलाच विचारायला येत. शहाण्णवला सगळ्यांना ग्रॅनाइट हवा झाला. मुनीर म्हणाला, ही चार दिवसांची हौस. तिने त्याला न विचारता ट्रकभर मागवला. महिन्यात सगळा संपला. तेव्हापासून कोणी विचारलं, "शेठ कुठे आहेत?" की मुनीर बायकोकडे बोट दाखवतो आणि माल उतरवायला बाहेर जातो.