पेडगावच्या वाटेचा नकाशा

"कुत्र्यांचं लिहिलंस का?" भागम्मानं विचारलं.

"लिहिलं की नकाशावर! ‘पेडगावला मंगळवारी दुपारी जावं. मल्हारीच्या घरचे लोक अंगावर येणारी कुत्री घेऊन बाजाराला जातात. मेंढ्यांजवळ आजोबा एकटेच!’" वीरुपाक्ष ऐटीत म्हणाला.

परभणी ते सेलू, सायकलवरून! दिवाळीच्या सुट्टीतली ही सफर त्यानं आठ दिवस खपून आखली होती. सायकलच्या दुकानात चंद्रभान नावाच्या माणसानं नकाशा बघून "वा बेटा!" म्हटलं, तेव्हा फुशारून त्यानं नकाशाची एक नक्कल त्यालाही काढून दिली.

मंगळवारी निघताना भागम्माचं चाक पंक्चर झालं. म्हणून बहीणभाऊ बुधवारी पेडगावला पोचले. वीरुपाक्षाचा वर्गमित्र मल्हारी सफरीला तयार असायला हवा होता. पण तो मेंढरांच्या रिकाम्या वाड्यापाशी तोंड पाडून बसला होता.

"काल दुपारी आमची बाराच्या बारा मेंढरं गेली! चौकीवरचा पोलीस जवान म्हनतो, लांडग्यानं नेली."

"बारा लांडगे आले होते का?" भागम्मा उसळली.

मल्हारीचे आजोबा सटवाजी म्हणाले, "एक सायकलवाला आला व्हता, हातात कागद. पानी मागितलं. मी हिरीवर गेलो, तवर मेंढरं गायब!"

वीरुपाक्षाला चंद्रभान आठवला. गप्प बसलं तर कुणालाच कळणार नव्हतं. पण सटवाजी रिकाम्या वाड्याकडं बघत होते, ते त्याला बघवेना.

"तो कागद... मीच दिला होता."

"आमचं घर तू कागदावर लिहून दिलंस?" मल्हारी ओरडला.

"नकाशात पुढं बाभळबनातला पडका गोठा आहे," वीरुपाक्ष म्हणाला. "‘इथं कुणी येत नाही’ असं मीच लिहिलंय. चोर तिथंच असेल!"

मल्हारी वीरुपाक्षाच्या सायकलकडं न बघता भागम्माच्या मागं बसला.

गोठ्यात मेंढरं होती! बाहेर बाभळीखाली चंद्रभान खुशाल घोरत होता. भागम्मानं हळूच त्याच्या सायकलची हवा सोडली. वीरुपाक्षानं फाटक उघडलं.

"हुर्रर्र... हां हां!" मल्हारीची हाक ऐकताच मेंढरं त्याच्यामागं धावली.

"ए पोरांनो!" चंद्रभान सायकलवर झेपावला, दोन हात गेला आणि धाडकन् आपटला! "चोर! चोर!" भागम्मा किंचाळली. शेतातले गडी धावत आले आणि त्यांनी त्याला धरलं.

चावडीवर पाटील म्हणाले, "शाबास वीरुपाक्षा! जवानाला जमलं न्हाई ते तुमी केलंत! लय डोकं चालतं तुझं!"

ती शाबासकी त्याला काट्यासारखी टोचली.

"पाटील, चोराला वाट मीच दाखवली होती."

सटवाजी उठले. त्यांनी वीरुपाक्षाच्या पाठीवर हात ठेवला.

"चुकलास लेकरा. पन चारचौघांत कबूल केलंस. त्याची शाबासकी माझ्याकडनं." आता मात्र वीरुपाक्षाला रडू कोसळलं.

मल्हारी पुढं आला. म्हणाला, "सेलू उद्या बघू. मेंढरं तहानलीत, पान्यावर न्यायचीत. तू बी चल."

सायकल तिथंच सोडून वीरुपाक्ष मेंढरांमागं निघाला.