तडतडणारी वात

दुपार कलली तशी वैद्यांची सून परसातल्या जाईच्या खुंटापाशी बसून पाला खुडू लागली. मामंजी गेल्यापासून औषधांची खोली तीच सांभाळायची, कारण नवऱ्याचा त्या कामाशी छत्तीसचा आकडा. खिडकी झाकते म्हणून त्याने ती जुनी वेल कोयत्याने बुडापासून तोडली आणि शेवटचा घाव स्वतःच्याच पायाच्या अंगठ्यावर घेतला. तेव्हापासून अंगठ्याची जखम चिघळतच होती. "उद्यापर्यंत फरक नाही पडला, तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

खुंट पार खडखडीत वाळलेला. आज सकाळी मात्र त्याला ओंजळभर पालवी फुटली होती. तिला बरं वाटलं, पण हात लावताना उगाच धाकधूकही झाली.

पाला वाटून तिने तेलात उकळत ठेवला. मामंजींची एकच ताकीद असे. तेलातल्या चोथ्याची वात वळून पेटवायची. ती गुपचूप जळली, तरच तेल उतरवायचं. "तडतडली तर पाल्यात अजून जीव आहे, सूनबाई. असलं तेल जखमेला लावायचं नाही." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

दिवेलागण झाली. वात तडतडली. दुसरी वळली, तीही तडतडली. घरात एकही फूल नव्हतं, पण फुललेल्या जाईचा वास इतका दाट झाला होता की तिच्या जिभेवर कडवट चव आली. आतून नवरा कण्हला.

"झालं का गं...?"

"झालं, झालं." तिने पातेलं उतरवलं. हातातली वात तडतडतच होती.

सकाळी जखमेवर गुलाबी कातडी आली होती. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अंगठा वाचला! तिला हसावं की रडावं कळेना.

पुढच्याच आठवड्यात एकदा ती चादर बदलायला गेली.

"उठा की आता. ऊन डोक्यावर आलं."

"उठतोय गं... पाय निघत नाहीये."

तिने पांघरूण सारलं. अंगठ्याने पलंगाच्या गजाला वेढा घातला होता. एक पूर्ण, दुसरा अर्धा. नखाखाली हिरवं काहीतरी दिसत होतं. ती तो सोडवायला गेली.

"दुखतंय का हो...?"

"नाही." तो खिडकीतल्या उन्हाकडे तोंड करून शांत पडला होता. "राहू दे... आधार वाटतो."