आधी भागाकार, मग गुणाकार

किसुमू शहरात सरोवराकडून आलेला पाऊस खिडक्या बडवत होता, आणि लॅपटॉपवाल्यांच्या त्या अख्ख्या हॉलमध्ये चालू प्लग होता एकच, अकेयोच्या टेबलाखाली. म्हणून तर तो भिजलेला, उंच अनोळखी तरुण लॅपटॉप घेऊन तिच्याच शेजारी टेकला.

"एवढे डोळे फाडून काय शोधताय?"

"सापडलंय." अकेयोने मानही वळवली नाही. दवाखान्यांतल्या लसींच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारे तिचे छोटे कॉम्प्युटर रोज बंद पडत होते. "कर्नेलमधली, जगभरच्यांनी मिळून लिहिलेल्या या मूळ प्रोग्रॅममधली ही ओळ बघा. राखीव मेमरी किती ठेवायची, त्याचा हिशेब. आधी भागाकार, मग गुणाकार! मोठ्या मशीनवर खपून जातं. आमच्या चिमुकल्या मशीनवर भागाकारच शून्य येतो, मग कितीही गुणा... कुठल्या दीडशहाण्याने लिहिलंय, देव जाणे!"

तो गालातल्या गालात हसला. "ओगुटू नावाच्या. नैरोबीचा आहे... सध्या तुमचा प्लग वापरतोय."

अकेयोचे कान तापले. माफी मात्र तिने मागितली नाही.

"दोन मिनिटांत सुधारतो," तो म्हणाला.

"हात लावू नका! सहा दिवस घासलेत मी. दुरुस्ती माझ्या नावाने जाणार."

"बरं बाई! मग तपासायला तरी मला ठेवाल ना?"

तिने ठेवलं. दोन आठवडे अकरा मशीनवर चाचण्या झाल्या. दुपारी काठावर तळलेला मासा नि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली. काटे काढताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची, आणि दोघंही उगाच सरोवराकडे बघायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

दुरुस्ती पाठवताना खाली एक ओळ लिहायची रीत असते: मूळ चूक कुठल्या बदलातली, कुणाची. तिथे अकेयोचा हात अडला.

"वगळू का रे? जगभरचे लोक वाचतील..."

"लिही. सगळे लिहितात."

"मला तुझं नाव असं नाही लिहायचं. मला ते... माझ्या नावाशेजारी लिहायचंय."

ओगुटूने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "आधी खरं लिही," तो हळूच म्हणाला. "खऱ्याला कचरणारी अकेयो मला नाही आवडायची."

तिने लिहिलं. पूर्ण नाव.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याचं उत्तर आलं: 'चूक माझी. सात वर्षं कुणाला दिसली नाही, हिला दिसली. दुरुस्ती अचूक.' त्याखाली कर्नेलच्या प्रमुखांचा एकच शब्द होता: स्वीकारली. अकेयोचा ऊर भरून आला. तेवढ्यात फोन वाजला.

"आई विचारतेय," ओगुटू म्हणाला, "माझी चूक चारचौघांत काढणारी ही कोण? काय सांगू?"

अकेयो ताठ बसली.

"सांग... तुमची होणारी सून."